बेबीताईंचे बारा थेंब

दुकानात गेलो की सरबताच्या बाटलीचं झाकण अंगठ्यानं दाबून बघायची मला सवय आहे. झाकण आत बसलेलं असलं तर ठीक. टक् वाजलं तर आत काहीतरी आंबतंय, वायू धरतोय. दुकानदार वैतागतात. बायको म्हणते, "घ्यायची नाही तर हात कशाला लावता?" सवय माझी नाही. चांदूर बाजारच्या बेबीताईंची आहे. त्यांच्याकडून मी बरंच काही घेतलं, त्यातलं एवढंच उघडपणे वापरतो.

नाव बेबी, आणि आज वय साठीच्या पुढे. आमच्या वऱ्हाडात अशा बेबीताई गल्लोगल्ली सापडतील. लहानपणी लाडानं ठेवलेलं नाव पुढे रेशनकार्डावरही तसंच चढतं. या बेबीताईंच्या घरी भाजी, झेंडू आणि थोडी संत्र्याची झाडं. व्यापारी मोठं फळ उचलून न्यायचा आणि लिंबापेक्षा जेमतेम मोठी अशी चुरी मागे टाकून जायचा. त्या चुरीचा रस काढून बाटलीत भरायचा, आणि त्यात दुकानातली कोणतीही पावडर न घालता तो टिकवायचा, हा त्यांनी घेतलेला ध्यास. टिकवायचा कशानं? लवंगेच्या तेलानं, गवती चहाच्या तेलानं, संत्र्याच्याच सालीच्या तेलानं.

"आपल्या दाढेत कीड लागली त लवंग दाबतो का नाई?" त्या म्हणायच्या. "मंग रसाले कीड लागली त?"

मी अकोल्यातल्या एका कॉलेजात अन्नतंत्र शिकवतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी, मी याच विषयावर प्रबंध लिहीत होतो तेव्हा, त्या माझ्या प्रयोगशाळेत आल्या. अमरावतीला एसटी बदलून, मांडीवर बाटल्यांची पिशवी धरून. दारातच थांबल्या. नमस्कार नाही, काही नाही.

"सर, तुमच्या त्या कपाटात काईतरी आंबून राह्यलं हाये."

"ते कपाट नाही ताई, फ्रिज आहे. आणि बंद आहे."

"बंद हाये म्हून त वास येऊन राह्यला. उघडं असतं त निघून गेला असता."

मी फ्रिज उघडला. यीस्टच्या प्लेटांपैकी एक तळाशी कलंडून सांडली होती. चार दिवस मी तिथेच वावरत होतो, मला कळलं नव्हतं.

त्यांचं नाक असं होतं. आणि त्या नाकाला त्या फार जपायच्या. रस काढायच्या दिवशी घरात केसाला तेल नाही, उदबत्ती नाही, कांदा चिरायचा नाही. नवरा सुधाकरभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे, म्हणून त्यांना सकाळीच विहिरीकडे पिटाळलेलं. ते तिथून ओरडायचे, "संत्री माही, इहीर माही, अन् मीच भायेर!" एकदा तालुक्याहून एक साहेब हा उद्योग बघायला आले, अंगाला भरपूर अत्तर लावून. बेबीताईंनी अंगणातच खुर्ची टाकली. "साहेब, तुमी लय चांगले दिसता. पन तिथूनच." साहेब बिचारे तासभर तिथूनच बघत राहिले.

तेल काढायची त्यांची भट्टी म्हणजे एक जुना कुकर. शिटीच्या जागी रबरी नळी, नळी थंड पाण्याच्या बादलीतून फिरवलेली, टोकाला औषधाची लहान बाटली. गवती चहाचा भारा आत कोंबायचा आणि वाट बघायची. भाराभर पाल्यातून निघणार बोटाच्या पेराएवढं तेल. लवंगेचं तेल मात्र अमरावतीहून विकत आणायच्या.

मग थेंब मोजायच्या. पातेलंभर रसाला लवंगेचे बारा. मोजताना कुणी बोलायचं नाही, हा नियम. ओठ हलत, अंक मोठ्यानं म्हणत. मध्ये कुणी बोललं, फोन वाजला, की हातातलं सगळं ओतून द्यायच्या आणि पुन्हा एकपासून. मी एकदा म्हणालो, "ताई, सातवरच होता ना तुम्ही, आठ म्हणा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवाचं ताट उष्टं केलं.

"सात पडले का आठ, हे मले पक्कं म्हाईत नाई. अन् पेनाऱ्याले त काईच म्हाईत नाई."

पहिली अडचण आली ती तेलाचीच. तेल रसात मिसळत नाही, वर तरंगतं. पातेल्यातून भरलेल्या पहिल्या बाटल्या जीभ जाळायच्या आणि शेवटच्या नुसत्याच गोड. प्रयोगशाळेत आमच्याकडे तेल बारीक फोडून रसात मिसळायचं यंत्र होतं. त्यांच्याकडे खल होता. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा डोळे चमकत होते. "सर, पुरनात येलदोडा आपन साखरेसंग कुटतो. काहून? नाई त एका घासाले लागते अन् एका घासाले नाई." त्यांनी थेंब साखरेत टाकून पाऊण तास घोटले होते आणि ती साखर रसात विरघळवली होती. मी वरची, मधली, तळाची अशा तिन्ही बाटल्या तपासल्या. तेल सगळीकडे सारखं.

मी ते प्रबंधात घेतलं. पद्धतीला एक लांबलचक नाव दिलं. आभाराच्या पानावर त्यांच्याबद्दल लिहिलं, 'एक स्थानिक महिला उत्पादक'. हे सांगतोय ते सोपं आहे म्हणून. अवघड पुढे आहे. आत्ताही दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

रस उकळायला त्यांचा ठाम नकार असायचा. संत्र्याचा रस उकळला की कडू होतो. त्या कोमटाच्या थोडा वर नेऊन उतरवायच्या, बाकी भार तेलावर. असा रस तीन आठवडे टिकायचा, कधी महिना, फार तर दीड. माझ्या प्रबंधाला चार महिने हवे होते. चार महिने मी आधीच मांडून बसलो होतो, मार्गदर्शकांना सांगून बसलो होतो, आणि ते त्याच वर्षी निवृत्त होणार होते.

त्यांच्या हातच्या चोवीस बाटल्या मी प्रयोगशाळेत ठेवल्या. दीड महिना होत आला आणि एका सकाळी तीन झाकणं टक् वाजली. आठवड्यात नऊ. होळीपर्यंत एकही बाटली शिल्लक नव्हती.

मी कुणाला सांगितलं नाही. एका रविवारी बाजारातून संत्री आणली, रस काढला, खळखळून उकळला, दुकानातली टिकवायची पावडर, सोडियम बेंझोएट टाकलं, हात आखडता न घेता टाकलं, आणि वर वासापुरते लवंगेचे दोन थेंब. चोवीस बाटल्या भरल्या. जुन्या तारखेच्या चिठ्ठ्या नव्या बाटल्यांवर चिकटवल्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर बेबीताईंचं होतं.

परीक्षकांनी चव घेतली. एक जण म्हणाले, "थोडा कडवट वाटतो."

"लवंगेमुळे, सर," मी म्हणालो.

मी डॉक्टर झालो. दारावरची पाटी बदलली. बेबीताई पेढे घेऊन आल्या. मी त्यांना एक बाटली दिली. त्यांनी अंगठ्यानं झाकण दाबलं. आत बसलेलं, घट्ट.

"चार महिने?" त्यांनी विचारलं. "हे माही बाटली?"

"तुमच्याच पद्धतीची," मी म्हणालो. हे उत्तर मी आधीच तयार ठेवलं होतं.

त्यांनी ती बाटली पदरात गुंडाळली. मला म्हणाल्या, "सर, मले वाटे का मीच येडी हाओ. आता कोनी म्हनून त पाहावं."

त्या वर्षीच्या कार्तिकात त्यांनी कौंडण्यपूरच्या यात्रेत दुकान लावलं. एरवी त्यांनी आदल्या आठवड्यात रस काढला असता. पण आता रस चार महिने टिकतो हे एका डॉक्टरानं सिद्ध केलं होतं. म्हणून दसऱ्यापासूनच, लवकर आलेल्या चुरीचा रस भरत गेल्या. निघताना एकूणएक झाकण दाबून पाहिलं होतं. मागे कापडी फलक, 'कोणतीही पावडर नाही. फक्त लवंग, गवती चहा आणि संत्रं.'

मीही गेलो होतो. कौतुकानं गेलो, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे घरी बसवत नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांपाशी गर्दीत उभा राहून लांबून बघत होतो. सकाळी बाटल्या भराभर गेल्या. दुपारचं ऊन फळीवर आलं. बेबीताई सवयीनं झाकणं दाबत होत्या आणि एका झाकणावर त्यांचा हात थांबला. दुसरं दाबलं. तिसरं. मग समोर बाटली घेऊन पैसे काढणाऱ्या बाईच्या हातातून त्यांनी ती ओढूनच घेतली.

पुढे त्यांनी जे केलं ते मी जन्मात कुणाला करताना पाहिलेलं नाही. राहिलेल्या बाटल्या सुधाकरभाऊंना मागे ओतायला लावल्या आणि स्वतः यात्रेत शिरल्या. सकाळपासून विकलेल्या बाटल्या परत घ्यायला. पाळण्यापाशी, बांगड्यांच्या दुकानापाशी, नदीकाठी जेवायला बसलेल्या लोकांत. "भाऊ, तुमी माह्याकडून रस घेतला होता. पेऊ नोका. द्या इकडं." कुणी हसले. एक जण म्हणाला, "काहून, जहर टाकलं का बाई?" त्या म्हणाल्या, "नाई. बाटली खोटी निघाली म्हून." दिवस मावळेस्तोवर त्या फिरत होत्या. दोनदा माझ्यापासून दहा पावलांवरून गेल्या. मी खांबाआड झालो.

एक माणूस त्यांना सापडला नाही. पांढरा फेटा, हातात बैलाची नवी घुंगुरमाळ, दोन बाटल्या घेऊन गेला होता. त्याच्याबद्दल त्या कितीतरी वर्षं विचारायच्या. "त्यानं पेला असन का, सर?" अर्धवट आंबलेल्या रसानं कुणाचं फार काही बिघडत नाही, असं मी सांगायचो. "बिघडलं नसन. पन त्यानं बैलापुढं बसून बायकोले म्हटलं असन, का थे बाई लबाड होती."

यात्रेनंतर चार दिवसांनी त्या अकोल्याला आल्या. खल घेऊन आल्या होत्या, साखर घेऊन आल्या होत्या. टेबलावर सगळं मांडलं. माझ्यासमोर बारा थेंब मोजले, घोटून दाखवलं.

"माहं काय चुकलं, सर? तुमच्या इथं चार महिने टिकला. मंग माह्याच हातानं काहून नाई?"

तेव्हा सांगायचं होतं. खिडकीतून बाहेर बघत मी म्हणालो, "थेंब कमी पडले असतील, ताई."

एवढंच. फसवलं त्याहून हे वाक्य मला जास्त खातं. त्यांनी मान हलवली. साखर परत पुडीत बांधली. गेल्या.

त्यानंतर त्यांनी बाराचे पंधरा केले, पंधराचे अठरा. रसाला औषधाची चव यायला लागली. लोक घोट घेऊन बाटली ठेवून द्यायचे. शेवटी बाटल्या बंद झाल्या. फोन यायचा अधूनमधून, मग तोही थांबला. मी या वर्षांत सुखात नव्हतो, असं म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवा असं नाही. मी झाकणं दाबत फिरत होतो.

मागच्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी प्रयोगाची वही घेऊन आली. माझ्याच प्रबंधातली कृती तिनं तंतोतंत केली होती. सगळ्या बाटल्या दीड महिन्यात फुगल्या होत्या. चेहरा पडलेला. म्हणाली, "सर, माझे थेंब कमी पडत असतील का?"

मी तिला बस म्हणालो आणि स्वतःच उठून बाहेर गेलो.

चांदूर बाजारला निघालो, तर पहिल्यांदा अमरावतीच्या स्टँडवरूनच परत फिरलो. दुसऱ्यांदा गावात पोचलो, चहा घेतला, परतीची एसटी धरली. तिसऱ्यांदा उतरल्याबरोबर चालायलाच लागलो, थांबलो असतो तर पुन्हा फिरलो असतो.

रस्त्यालगत टिनाचं छप्पर, खाली हातयंत्र, काचेचे गिलास. बेबीताई वाळल्या होत्या, नाक तेवढंच होतं. मला पाहून हरखल्या. "अजी, पाहा कोन आलं! डाक्टर आले!" सुधाकरभाऊंनी स्टूल पुसलं. मी काही बोलायच्या आत गिलास भरून पुढे आला. "आता बाटली नाई, सर. लोकायच्या डोळ्यासमोर काढते, लोकं डोळ्यासमोर पेतेत. झाकनच नाई त फुगन काय?" स्वतःच हसल्या. मग आत गेल्या आणि देवळीतून, देवांच्या बाजूला ठेवलेली, एक बाटली घेऊन आल्या.

ती मीच दिलेली बाटली. रस चहासारखा तांबडा झालेला. झाकण आत बसलेलं.

"नऊ वर्षं झाले. अजून फुगली नाई. मन लय खट्टू झालं का इले दाबून पाह्यते. म्हनते, एक डाव त या हातानं जमलं होतं."

गिलास माझ्या हातात होता. ही बाटली त्यांच्याजवळ असेल, हे मी कधी धरलंच नव्हतं. गप्प राहिलो तर त्यांच्या हातावरचा त्यांचा भरवसा खोट्यावर राहणार होता, आणि बोललो तर तेवढाही जाणार होता. मी बोललो. टक् वाजलेल्या झाकणांपासून चिठ्ठ्यांपर्यंत सगळं. यात्रेतला खांबसुद्धा.

सुधाकरभाऊ उठून उभे राहिले. बेबीताईंनी त्यांना हातानं खाली बसवलं. चमचा आणला, त्याच्या दांड्यानं झाकण उचकटलं. एक नाकपुडी दाबून वास घेतला. करंगळी बुडवून जिभेला लावली.

"कडू," त्या म्हणाल्या. "उकळेल हाये."

मी मान खाली घातली.

"नऊ वर्षं मी हात जोडले इले. एक डाव झाकन काढलं असतं त तवाच समजलं असतं."

"मी म्हनत होतो, खोल थे बाटली," सुधाकरभाऊ पुटपुटले.

"तुमी पेयासाठी म्हनत होते!"

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. त्यांनी विचारलं, "मंग यात्रेतले माहे थेंब? बरोबर होते?"

"बरोबर होते, ताई. बाराच्या बारा. त्या पद्धतीनं तेवढाच टिकतो. दीड महिना म्हणजेसुद्धा पुष्कळ."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बघितले. रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. आवाज मात्र बदलला.

"तुमचं थे पुस्तक कोनाकोनाकडं गेलं?"

"लायब्ररीत आहे. काही जणांनी वाचलं असेल."

"कोनी थे वाचून रस भरत असन. त्याचे थेंब कमी पडत असन. नाई का?" मग, माझ्याकडे न बघता, "हुडका त्याह्यले. मी यात्राभर हुडकले होते."

मी कॉलेजला पत्र दिलं. प्रबंधात काय खोटं आहे ते पानांसकट लिहिलं. पुढे काय होईल ते होईल, चौकशी चालू आहे. पाटीवरचं 'डॉ.' मी स्वतःच खरवडलं, तिथे आता पांढरा डाग आहे. त्या विद्यार्थिनीला तिची वही परत दिली आणि सांगितलं, तुझे आकडे खरे आहेत. ज्यांनी कधी या पद्धतीबद्दल पत्र पाठवून विचारलं होतं, त्यांना शोधतो आहे. तिघे सापडले. एक जण फोनवर खूप वेळ शिव्या देत होता. मी फोन ठेवला नाही.

त्या दिवशी रविवार होता. निघताना बेबीताईंनी तीच बाटली रिकामी केली, तीनदा धुतली आणि नव्या रसानं भरली. साखर घोटून, थेंब मोजून. टिनावर उन्हात ठेवली आणि म्हणाल्या, "दर रविवारी या. अंगठा तुमचा."

सहा रविवार मी गेलो. चहा मिळायचा, रस नाही. सहाव्या रविवारी मी झाकण दाबलं. टक्.

"कितवा दिवस?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस."

"बेचाळीस," त्या सावकाश म्हणाल्या, चव घेतल्यासारखं. "उन्हात. पावडर नाई, काई नाई. अन् खरे." बाटली ओतून टाकली, उपडी घातली, आणि खल पुढे ओढून साखर घेतली. पहिल्यांदाच त्या दिवशी पुन्हा बाटल्यांची रांग मांडलेली मी बघितली. दहा-बारा असतील. प्रत्येकीवर चिठ्ठी, 'एका महिन्यात प्यावा.'

त्या मोजू लागल्या. मी दारात उभा होतो. जायची वेळ झाली होती, आणि आता यायचं कारणही उरलं नव्हतं. चार, पाच, सहा. मला राहवलं नाही.

"ताई, पुढच्या रविवारी येऊ?"

हात थांबला. त्यांनी खलातली साखर बादलीत उपडी केली, फडक्यानं खल कोरडा पुसला, नवी साखर घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. तेलाची बाटली तिरपी केली आणि म्हणाल्या,

"एक."

मी तोंड मिटून उभा राहिलो. बारापर्यंत.